परवाना नसलेलं संगीत : प्रागमधल्या एका बँडची गोष्ट

गेल्या वेळचं व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "सर, माझा एक मित्र रॅप करतो. परवा त्याचं गाणं एका कंपनीनं जाहिरातीत घेतलं. आता ग्रुपमधले बाकीचे म्हणतात, हा विकला गेला. तुम्ही तत्त्वज्ञानवाले, तुम्ही सांगा, विकला गेला का तो?" मी म्हटलं, बाबा रे, गाणं ऐकल्याशिवाय आणि त्याच्या घरचं भाडं किती आहे हे कळल्याशिवाय मी काय सांगणार? पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज जो विषय जाहीर झाला होता तो पुढच्या महिन्यावर ढकलतोय आणि एक इतिहास सांगतोय. त्यातून त्या मुलाला उत्तर मिळेल असं मी कबूल केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हा इतिहास चेकोस्लोव्हाकियातला आहे. तिथलाच का? तर एक म्हणजे मी पीएच.डी.साठी हुसर्ल वाचत होतो, तेव्हा तळटीपांमधून एक नाव पुन्हा पुन्हा भेटायचं. यान पातोच्का. हुसर्लचा शिष्य, प्रागचा. हा माणूस एका रॉक बँडच्या पायी पोलिसांच्या चौकशीत सापडला आणि त्यातच गेला, हे मला फार उशिरा कळलं. आणि दुसरं म्हणजे त्या बँडचा संस्थापक मिलान ह्लावसा हा मार्च १९५१ चा. माझ्याहून वर्षभरानं लहान. म्हणजे ही माझ्याच वयाच्या मुलांची गोष्ट आहे, आणि आपल्या वयाच्या माणसांनी काय केलं हे ऐकताना माणूस जरा अस्वस्थ होतोच.

तर, ऑगस्ट १९६८. वीस आणि एकवीस तारखेच्या मधल्या रात्री वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. दुब्चेकचा 'माणसाचा चेहरा असलेला समाजवाद' तिथं संपला. आणि त्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबरमध्ये, प्रागमध्ये सतरा वर्षांचा ह्लावसा मित्रांना घेऊन एक बँड काढतो. नाव ठेवतो 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. हे नाव फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. आता आपल्याला वाटेल, रणगाड्यांना उत्तर म्हणून बँड निघाला. तसं अजिबात नाही. या मुलांना झापा आवडायचा, न्यूयॉर्कचा 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' आवडायचा, आणि त्यांना वाजवायचं होतं. एवढंच. राजकारण त्यांच्याकडे चालत आलं, ते राजकारणाकडे गेले नाहीत.

ते कसं आलं हे नीट बघू, कारण सगळी मेख तिथं आहे. त्या देशात व्यावसायिक संगीतकार व्हायचं तर सरकारी परवाना लागायचा. परवाना असला की सरकारी एजन्सीमार्फत कार्यक्रम मिळणार, ठरलेल्या दरानं पैसे मिळणार, वाद्यं आणि स्पीकर वापरायला मिळणार, 'सुप्राफोन'सारख्या सरकारी कंपनीकडून रेकॉर्ड निघण्याची शक्यता. परवाना नाही म्हणजे यातलं काही नाही. आणि रणगाडे आल्यावर जे पर्व सुरू झालं, ज्याला राज्यकर्ते 'सामान्यीकरण' म्हणायचे (शब्द बघा किती निरुपद्रवी आहे), त्यात सगळ्या संगीतकारांच्या नव्यानं परीक्षा सुरू झाल्या. केस कापा. इंग्रजी नाव बदला. इंग्रजी गाणी कमी करा. पुष्कळांनी ते केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. केस पुन्हा वाढतात. प्लास्टिक पीपलनं केलं नाही, आणि १९७० साली त्यांचा परवाना गेला. परवान्याबरोबर सरकारी मालकीची सामग्रीही गेली. मग जुन्या सामानातून अ‍ॅम्प्लिफायर उभे केले. बँडमधला यानीचेक मेकॅनिक होता, त्याचा हात त्यात बसलेला.

याच सुमाराला गोष्टीत शिरतो इव्हान यिरौस. हा कलेतिहासाचा अभ्यासक. वाजवता काही येत नव्हतं, पण बँडचा कलादिग्दर्शक, म्हणजे त्यांचा मेंदू आणि पुष्कळदा त्यांचा तापट सेनापती. लोक त्याला 'मागोर' म्हणायचे. मागोर म्हणजे वेडा, आपल्याकडे 'येडा' म्हणतात ना, प्रेमानं, तसं. यिरौसकडे कलावंतांच्या अधिकृत संघाचं सभासदत्व होतं आणि त्या जोरावर त्याला व्याख्यानं द्यायची मुभा होती. मग त्यानं काय करावं? अँडी वॉरहॉलवर व्याख्यान जाहीर करायचं. सभागृह रीतसर मिळायचं. पाच-दहा मिनिटं स्लाइड दाखवायच्या, वॉरहॉल कोण ते सांगायचं, आणि मग उदाहरणादाखल बँड दोन तास व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी वाजवायचा. व्याख्यान या प्रकाराचा इतका उत्तम उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

गाणी इंग्रजी होती, म्हणून पॉल विल्सन नावाचा एक कॅनेडियन तरुण काही काळ त्यांचा गायक होता. प्रागमध्ये इंग्रजी शिकवायचा. पुढे त्याला देशातून हाकललं, आणि हॅवेलचं लेखन इंग्रजीत नेणारा हाच माणूस. पण १९७२ नंतर व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवाला आला तो अट घालून आला : दुसऱ्याची गाणी बंद, आपलंच वाजवायचं, आणि गायचं ते चेकमध्ये. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. तोवर हे लोक नक्कलच करत होते, प्रामाणिक असली तरी नक्कल. परवाना नसणं हा त्यांचा गुण नव्हता, ती एक परिस्थिती होती. आपलं असं काही त्यांना सापडलं ते या अटीनंतर.

आणि इथं ज्यांना 'भूमिगत' या शब्दाचं फार कौतुक आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. १९७३ साली या बँडनं पुन्हा परवान्यासाठी अर्ज केला. परीक्षकांपुढे जाऊन वाजवलं. परीक्षकांनी चक्क पास केलं. आणि थोड्याच दिवसांत पत्र आलं की निर्णय रद्द, कारण तुमचं संगीत रोगट आहे आणि समाजावर त्याचा वाईट परिणाम होईल. म्हणजे लक्षात घ्या, यांना उजेडात यायचं होतं. आम्ही काळोखातच बसणार अशी शपथ कुणी घेतली नव्हती. आपल्याकडे भूमिगत म्हटलं की बेचाळीस साल आठवतं, नाना पाटील आठवतात. तिथं माणूस ठरवून भूमिगत होतो. हे लोक ढकलले गेले होते. त्यांनी फक्त एवढंच ठरवलं होतं की वर येण्यासाठी गाणं बदलायचं नाही.

मग वाजवायचं कुठं? लग्नात. खासगी समारंभाला परवाना लागत नव्हता. कुणाचं तरी लग्न ठरायचं, प्रागपासून दूर एखाद्या खेड्यात खानावळीची खोली घ्यायची, आणि निरोप तोंडी पसरायचा. ऐकणाऱ्यांना पुष्कळदा शेवटपर्यंत ठिकाण ठाऊक नसायचं. अमुक स्टेशनवर उतरा, पुढं चालत या. बर्फातून, चिखलातून चालत जायचं आणि तिथं पोचल्यावर कधी बँडच्या आधी पोलीस हजर. ३० मार्च १९७४ ला चेस्के बुद्येयोवित्सेजवळ हेच झालं. पोलिसांनी कार्यक्रम सुरू होऊ दिला नाही, जमलेल्या तरुणांना लाठ्यांनी झोडपत परत पिटाळलं. पुढं पुष्कळांची चौकशी झाली, काहींचं शिक्षण तुटलं. गाणं ऐकायला आले होते हो. एकही सूर ऐकला नाही.

यिरौसनं १९७५ च्या फेब्रुवारीत एक निबंध लिहिला, 'तिसऱ्या चेक संगीत पुनरुज्जीवनाविषयीचा अहवाल'. टंकलिखित प्रतींवर तो फिरला. त्यात त्यानं 'पहिली संस्कृती' आणि 'दुसरी संस्कृती' असा भेद केला. पहिली म्हणजे परवान्याची. दुसरी म्हणजे जी पहिलीच्या माध्यमांवर, तिच्या मानसन्मानांवर, तिच्या मूल्यांच्या उतरंडीवर अवलंबूनच नाही. आणि त्याचं म्हणणं असं की पश्चिमेतल्या भूमिगत कलेची फसगत होते ती इथंच. तिला व्यवस्थेला धडका द्यायच्या असतात आणि तिथं मान्यता मिळाली की ती त्याच व्यवस्थेत जाऊन बसते. आमच्याकडे मान्यता मिळण्याचीच सोय नाही, म्हणून आम्ही मोकळे आहोत. तरुणपणी मी हे वाचलं असतं तर भारावून गेलो असतो. आता वाचताना वाटतं, यात थोडा अहंकारही आहे. दार बंद आहे म्हणून मी स्वतंत्र, हा युक्तिवाद जपून वापरायला हवा. दार उघडलं तर काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे साठच्या दशकात अनियतकालिकं निघाली, त्यांचाही प्रस्थापितांशी असाच झगडा होता, पण तिथं पोलीस दारात नव्हते. अवघड प्रश्न त्यांना वेगळ्या वाटेनं भेटला, जेव्हा त्यांच्यातले लोक अभ्यासक्रमात लागू लागले.

असो. फेब्रुवारी १९७६. यिरौसचं स्वतःचं लग्न. बोयानोवित्से या गावी लग्नाच्या निमित्तानं दुसऱ्या संस्कृतीचा महोत्सवच झाला. मार्चमध्ये अटकसत्र सुरू झालं, वीसहून जास्त माणसं आत गेली. टेप, पत्रं, वाद्यं जप्त. आरोप राजद्रोहाचा नाही. आरोप काय, तर सार्वजनिक शांततेचा भंग, गुंडगिरी. गाणी अश्लील आहेत. आता त्या गाण्यांत काय होतं? बँड एगॉन बाँडी नावाच्या बंदी असलेल्या कवीच्या कविता गायचा, आणि त्यातली एक तर बद्धकोष्ठावर आहे. एका महासत्तेचं संरक्षण लाभलेलं राज्य बद्धकोष्ठावरच्या गाण्याला घाबरतं, यावर हसू येतं. पण थोडा विचार केला की हसू मावळतं. सरकारविरोधी गाणं सरकारला चालतं, कारण त्यात सरकार असतं. ज्या गाण्यात सरकार औषधालाही नाही, त्याचं करायचं काय?

व्हाक्लाव हॅवेलला हे कळलं. हॅवेल तेव्हा नाटककार म्हणून प्रसिद्ध, बंदी असलेला, पण चांगल्या घरातला, नीटनेटका माणूस. या केसाळ मंडळींविषयी त्याच्याही मनात किंतु होता, आणि यिरौसच्या मनात हॅवेलविषयी : हा म्हणजे अधिकृत विरोधक! अटकेच्या थोडं आधी दोघांची भेट झाली. यिरौसनं टेप लावली आणि हॅवेल हलला. कार्यक्रमाला येण्याचं कबूल केलं, पण त्याआधीच यिरौस तुरुंगात. ऑगस्टमध्ये जर्मन लेखक हाइनरिश ब्योलला एक खुलं पत्र गेलं, त्यावर हॅवेल, पातोच्का, कवी सायफर्ट, तत्त्वज्ञ कारेल कोसिक यांच्या सह्या. सप्टेंबरमध्ये खटला झाला. यिरौसला अठरा महिने, 'डीजी ३०७' या बँडच्या पावेल झाइचेकला बारा, ब्राबेनेत्सला आठ आणि स्वातोप्लुक कारासेकला आठ. हा कारासेक धर्मोपदेशक होता. तिथं प्रवचन द्यायलाही सरकारी परवाना लागायचा, आणि त्याचा तोही काढून घेतलेला.

हॅवेल खटल्याला बसला होता. त्यावर त्यानं निबंध लिहिला. त्याच्या शेवटी एक प्रसंग आहे. खटल्यानंतर रस्त्यात त्याला एक नामवंत चित्रपट दिग्दर्शक भेटतो. काय चाललंय? हॅवेल सांगतो, त्या भूमिगत संगीतवाल्यांच्या खटल्याहून येतोय. दिग्दर्शक विचारतो, ते अमली पदार्थांचं प्रकरण ना? हॅवेल सांगतो, नाही. बरं, बाकी काय नवीन? एवढंच. दिग्दर्शक दुष्ट नाही, मूर्ख नाही. त्याचं जग वेगळं झालेलं आहे.

आता पातोच्का. वय एकोणसत्तर. आयुष्यात विद्यापीठात शिकवायला मिळालं ते सगळं मिळून आठेक वर्षं. एरवी बंदी, ग्रंथालयातली किरकोळ कामं, मित्रांच्या घरांत चालवलेले वर्ग. या माणसानं डिसेंबर १९७६ मध्ये प्लास्टिक पीपलच्या बाजूनं लेख लिहिला. प्लेटो आणि हुसर्लमध्ये हयात गेलेला म्हातारा आणि सॅक्सोफोनचा कल्लोळ, जुळणार कसं? मला वाटतं, त्याला ते संगीत आवडलंच असेल असं समजायची गरज नाही. आत्म्याची काळजी घेणं, हा त्याच्या तत्त्वज्ञानाचा गाभा. माणसं जे खरं वाटतं तसं जगू पाहतात आणि त्यापायी त्यांना शिक्षा होते, हे त्यानं पाहिलं. तिथं आवडीचा प्रश्न येत नाही. १ जानेवारी १९७७ ला 'चार्टर ७७' निघालं. त्याचे पहिले तीन प्रवक्ते म्हणजे हॅवेल, माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक, आणि पातोच्का. त्यानंतर चौकशीमागून चौकशी. मार्चच्या सुरुवातीला तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतर तो कोसळला आणि १३ मार्चला मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. अंत्यविधीच्या वेळी डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं आणि शेजारी मोटरसायकली गुरगुरत होत्या, भाषणं ऐकू जाऊ नयेत म्हणून. शांततेच्या भंगाचा खटला भरला तो गाणाऱ्यांवर, आणि गोंगाट करत होतं सरकार.

चार्टरला उत्तर म्हणून सरकारनं जो उपक्रम काढला त्याला लोक पुढं 'अँटीचार्टर' म्हणू लागले. २८ जानेवारी १९७७ ला राष्ट्रीय रंगमंदिरात नटनट्या, लेखक, कलावंत गोळा केले. ४ फेब्रुवारीला सुगम संगीतवाल्यांची पाळी. तिथं व्यासपीठावर बोलला कारेल गॉट. हा त्या देशाचा सगळ्यात लाडका गायक. रफी-किशोर एकत्र केले तर कल्पना येईल. आवाज खरोखर सुरेख. १९७१ साली तो पश्चिम जर्मनीत राहून गेला होता आणि मग परत आला. त्यानं निष्ठेचे शब्द उच्चारले. पुढं रोज वर्तमानपत्रात सह्या करणाऱ्यांच्या याद्या येत राहिल्या. यातली गंमत अशी की चार्टर कुठं छापलेलंच नव्हतं. पुष्कळांनी ज्याचा निषेध केला ते वाचलेलंही नव्हतं.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, टाळता आली असती तर टाळली असती. प्रागमध्ये तो खटला चालू होता तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती. कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई बोलून गेल्या होत्या आणि पुढं त्या तुरुंगातही गेल्या. मी सव्वीस वर्षांचा, एका कॉलेजात हंगामी अधिव्याख्याता. एक दिवस शिपाई स्टाफरूममध्ये कागद घेऊन फिरला. वीस कलमी कार्यक्रमाला प्राध्यापकवर्गाचा पाठिंबा. मी कागद वाचला नाही. सही केली आणि पुढच्याकडे सरकवला. आमच्यातल्या एका वयस्कर सरांनी चष्मा काढला, पुसला, वाचलं, आणि सही न करता कागद शिपायाला परत दिला. त्यांचं काही वाकडं झालं नाही. पेन्शन घेऊन निवृत्त झाले. हॅवेलनं १९७८ मध्ये एका भाजीवाल्याचं उदाहरण दिलंय, जो दुकानात कांद्यागाजरांच्या शेजारी 'जगातील कामगारांनो, एक व्हा' ही पाटी लावतो, पाटीवर विश्वास आहे म्हणून नाही, तर लावायची असते म्हणून. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. म्हणून गॉटविषयी बोलताना माझा आवाज फार चढत नाही.

बरं, सगळा समाज गॉट आणि यिरौस असा दोन ढिगांत विभागलेला होता का? नव्हता. मध्ये मोठा करडा पट्टा होता. 'जॅझ सेक्शन' नावाची संस्था १९७१ पासून संगीतकारांच्या अधिकृत संघाच्या आतच होती. तिनं नियमातली फट शोधली : सभासदांपुरती छपाई. त्या फटीतून संगीताच्याच नव्हे तर साहित्याच्याही पुस्तिका निघाल्या, ह्राबालची एक कादंबरी निघाली. पहिल्या संस्कृतीच्या खिशात हात घालून दुसरीचं काम. तेही सरकारला डाचलंच, १९८६ मध्ये अटका झाल्या आणि पुढच्या वर्षी खटला. यिरौसच्या व्याख्येत ही माणसं कुठं बसतात? मला ती वॉरहॉलवरच्या व्याख्यानाचीच भावंडं वाटतात.

आणि आता बाँडी. त्याच्या कवितांनी या बँडला आवाज दिला. त्याचं खरं नाव झ्बिन्येक फिशर, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, १९६८ साली बुद्धावर पुस्तक लिहिलेला. आपल्याला जवळचा वाटावा असा माणूस. १९८९ नंतर गुप्त पोलिसांचे दप्तर उघडलं आणि कळलं, बाँडी त्यांचा खबऱ्या होता, अनेक वर्षं. आता काय करायचं? कविता खोट्या ठरल्या? त्या गाण्यांसाठी तुरुंगात गेलेल्यांचं काय? ह्या प्रश्नाशी मी बराच काळ झटापट केली आहे. सध्या इथवर आलोय : गाणी ब्राबेनेत्सनं आणि ह्लावसानं आपल्या हिमतीवर गायली, ती त्यांची झाली. बाँडीचा हिशोब बाँडीचा. पण मला हे उत्तर पुरतं वाटत नाही.

बँड स्वतः मोडला तोही याच प्रश्नावर. तुरुंग पचले, ब्राबेनेत्सला १९८२ मध्ये देश सोडावा लागला, हॅवेलच्या खेड्यातल्या घरी चोरून रेकॉर्डिंगं झाली. यातल्या कशानं तो मोडला नाही. मग १९८० नंतरची ती शेवटची वर्षं आली, राज्य सैल पडू लागलं, आणि सुचवलं गेलं की वाजवा, फक्त ते नाव नको. वाद झाला. काहींना वाटलं, नावात काय आहे, वीस वर्षांनी लोकांसमोर वाजवू तर द्या. काहींना वाटलं, इतकं सोसलं ते ह्याच नावाखातर. १९८८ मध्ये बँड फुटला, ह्लावसानं 'पूल्नोत्स', म्हणजे 'मध्यरात्र', नावाचा नवा बँड काढला. दोन्ही बाजूंना माझी सहानुभूती आहे. आणि गंमत, नव्हे, दुर्दैव असं की आणखी वर्षभर थांबले असते तर प्रश्नच उरला नसता.

डिसेंबर १९८९ मध्ये व्हेन्सेस्लास चौकातल्या एका सज्जातून दोघांनी मिळून राष्ट्रगीत गायलं. एक कारेल क्रिल, रणगाड्यांवर गाणी लिहून वीस वर्षं परदेशात काढलेला. दुसरा कारेल गॉट. खाली लोटलेल्या गर्दीत कुणाला ते समेटाचं चित्र वाटलं, कुणाच्या पोटात ढवळून आलं. १९९७ मध्ये चार्टरच्या विसाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष हॅवेलच्या सूचनेवरून, प्लास्टिक पीपल पुन्हा एकत्र आले आणि प्रागच्या किल्ल्यात वाजवले. पुढच्या वर्षी हॅवेलच्या सन्मानार्थ व्हाइट हाउसमध्ये मेजवानी झाली, तिथं व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या लू रीडबरोबर ह्लावसा वाजवायला उभा राहिला. सतराव्या वर्षी ज्याची नक्कल केली त्याच्या शेजारी. जानेवारी २००१ मध्ये तो कॅन्सरनं गेला, पन्नाशीही गाठली नाही. यिरौसनं सगळे मिळून साडेआठ वर्षं तुरुंगात काढली आणि २०११ च्या नोव्हेंबरात गेला, हॅवेल पुढच्याच महिन्यात. गॉट २०१९ मध्ये गेला तेव्हा त्याचं अंत्यदर्शन घ्यायला प्रागमध्ये हजारोंची रांग लागली होती. त्या रांगेत चार्टरवर सही केलेलंही कुणी उभं असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

जिन्यातला तो मुलगा आज आलाय, तिसऱ्या रांगेत दिसतोय मला. त्याच्या मित्रालाही घेऊन आलाय म्हणे. चहा झाल्यावर त्याचं गाणं ऐकू. मग बोलू.